राग कोणासाठी?

देव न मानणारा माणूस चिडका असतो, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. तो सत्यनारायणाच्या पूजेला बसणार नाही, प्रसाद नाकारील, सणासुदीला घरच्यांचा विरस करील, असे त्याने तोंड उघडण्याआधीच धरून चाललेले असते. खुद्द नास्तिकांतही या बाबतीत एकमत नाही. काही म्हणतात, शतकानुशतके धर्माच्या नावाखाली जे घडले ते पाहून ज्याला राग येत नाही त्याची नास्तिकता बोलण्यापुरती आहे. इतरांचे म्हणणे असे की, रागाने लोक दुरावतात, म्हणून गोडीगुलाबीने बोलावे आणि वाट पाहावी. हा वाद निदान दीडशे वर्षे चालू आहे आणि पुढील लेखांचा विषयही तोच आहे. या प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. रागाने नास्तिकतेला समाजात जागा मिळते की असलेली जाते, हे राग किती तीव्र आहे यावर ठरत नाही. तो कोणासाठी आहे आणि त्यातून कोणती नेमकी मागणी निघते, यावर ते ठरते. दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी आलेला राग श्रद्धावान माणसालाही ओळखू येतो आणि त्याला तो आपलासा वाटू शकतो. श्रद्धेवरच काढलेला राग मात्र अगदी बरोबर असला तरी एकाकी पडतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ईश्वर नाही हा विचार समाजाने पत्करणे निराळे आणि ईश्वर न मानणाऱ्या माणसाला समाजाने आपला मानणे निराळे. पहिली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती शिक्षणावर, आरोग्यावर, जगण्यातल्या सुरक्षिततेवर अवलंबून आहे. दुसरी आजच्या आज मोजता येते. माणसाला आपले मत उघडपणे सांगता येते का, ते सांगितल्यावर नोकरी टिकते का, मुलीचे लग्न अडते का, भाड्याने घर मिळते का, लोक त्याला निवडून देतात का? 2011 च्या जनगणनेत 121 कोटींच्या देशात नास्तिक म्हणून नोंद झालेले लोक होते जेमतेम 33 हजार, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. देव न मानणारे एवढेच असतील, हे पटण्यासारखे नाही. अनेकांनी जन्माने मिळालेला धर्म सांगितला असेल, काहींच्या वतीने घरातल्या थोरल्याने सांगितला असेल, काहींना दुसरे काही सांगता येते हेच ठाऊक नसेल. जिथे माणसे आपले मत सरकारी कागदावरही आणत नाहीत, तिथे आधी माणसाच्या स्वीकाराचा प्रश्न सोडवावा लागतो. विचाराचा स्वीकार त्यामागून येतो.

माणसाचा स्वीकार कशाने अडतो, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. विल जर्व्हेस, अझीम शरीफ आणि आरा नोरेनझायन यांनी 2011 साली उत्तर अमेरिकेतील प्रयोगांवरून असे दाखवले की नास्तिकांविषयीच्या पूर्वग्रहाच्या मुळाशी तिरस्कारापेक्षा अविश्वास असतो. वरून कोणी पाहत आहे असे ज्याला वाटत नाही, तो एकांतात कसा वागेल याची खात्री लोकांना नसते. हे निष्कर्ष तिकडच्या लोकांवरचे आहेत, पण ही शंका आपल्याही ओळखीची आहे. मुलांना ‘देवाला भिऊन वाग’ असे सांगत आपण वाढवतो, आणि देवाधर्माची चाड नसलेला माणूस कोणालाही फसवील हे त्याच शिकवणीचे दुसरे टोक आहे. 2015 साली ब्रायन मायर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. लोकांना नास्तिक अधिक रागीट वाटतात, हे खरे निघाले. प्रत्यक्षात ते अधिक रागीट असल्याचा पुरावा मात्र सापडला नाही. म्हणजे राग हा आरोप नास्तिकाच्या कपाळी आधीच लिहिलेला असतो. हे अन्यायाचे आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण यातून कामाची गोष्टही हाती लागते. अडथळा अविश्वासाचा असेल तर पाहायचे ते एवढेच की कोणत्या रागाने विश्वास वाढतो आणि कोणत्या रागाने तो घटतो.

याचे एक चांगले उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडते. जॉर्ज जेकब होलिओक आणि चार्ल्स ब्रॅडलॉ हे दोघेही निरीश्वरवादी होते. होलिओक यांनी 1842 साली धर्मनिंदेसाठी तुरुंगवास भोगला होता, आणि पुढे त्यांनी धार्मिक माणसांना बरोबर घेऊन सामाजिक सुधारणा करण्याचा सौम्य मार्ग धरला. ब्रॅडलॉ यांना तो मिळमिळीत वाटे. आपण नास्तिक आहोत हे ते छातीठोकपणे सांगत, आणि त्यांच्या भाषणांतला संताप प्रसिद्ध होता. 1880 साली नॉर्दम्प्टनमधून ते पार्लमेंटवर निवडून आले. देवाची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करू द्या, असे त्यांनी म्हटले; ते नाकारले गेले. मग शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही म्हणून तीही घेऊ दिली नाही. 1881 च्या ऑगस्टमध्ये त्यांना सभागृहाबाहेर अक्षरशः ओढून काढण्यात आले. जागा रिकामी ठरवली की नॉर्दम्प्टनचे मतदार त्यांनाच पुन्हा निवडून देत. जोडे शिवणाऱ्या कारागिरांच्या त्या गावात चर्चला जाणारे पुष्कळ होते. त्यांनी काही देव सोडला नव्हता. आपण निवडलेल्या प्रतिनिधीला दारात अडवतात, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. 1886 साली ब्रॅडलॉ यांना जागा मिळाली आणि 1888 साली त्यांच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते आले, तेव्हा भारताच्या बाजूने पार्लमेंटमध्ये बोलणारा माणूस म्हणून त्यांचे मोठे स्वागत झाले. आज आपल्या विधानसभेत काही सदस्य ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेतात, तर काही ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञा करतात. दोन्ही वाक्ये आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत शेजारी शेजारी आहेत. ब्रॅडलॉ यांचा राग जहाल होता, पण तो मतदाराच्या हक्कासाठी होता आणि त्याची मागणी एका वाक्यात सांगता येत होती.

महाराष्ट्रातल्या परंपरेतही हेच दिसते. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला. त्यांच्या लेखणीला धार होती, आणि त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्याइतका विरोधकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पण त्यांचा संताप कोणासाठी होता? केशवपन केलेल्या विधवेसाठी, अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीसाठी. विधवेचे केस कापण्याची ती रूढी नाहीशी झाली आणि तिच्या नाहीशा होण्याबद्दल आज कोणालाही खंत नाही. आगरकरांचे अज्ञेयवादी, बुद्धिवादी विचार मात्र बहुसंख्यांनी घेतले नाहीत. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत संततिनियमनाचा प्रचार करणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले, दंड भरले. 1934 मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. संततिनियमन पुढे सरकारचे धोरण झाले आणि त्यासाठी झिजलेला माणूस एकटाच राहिला. या दोघांची उदाहरणे मी मुद्दाम देतो, कारण योग्य राग धरणाऱ्याला त्याच्या हयातीत फळ मिळतेच असे नाही. पण जे काही टिकले ते त्यांच्या रागातल्या ‘कोणासाठी’ने टिकवले, हे त्यांच्या आयुष्यांवरून दिसते.

या परंपरेतले सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे आहे. त्यांनी 1989 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देव आणि धर्म यांविषयी तटस्थ भूमिका घेतली. डॉ. श्रीराम लागू परमेश्वराला निवृत्त करा असे जाहीरपणे म्हणत, तर दाभोलकर त्याच व्यासपीठावरून समितीची मर्यादा समजावून सांगत. दोघे मिळून गावोगाव हा वादसंवाद करत. समितीची जटा निर्मूलनाची कामे पाहावीत. केसांत गुंता झाला की ती देवीची जट समजायची, कापली तर कोप होईल म्हणून तेल-फणी बंद करायची, आणि मग त्या ओझ्याने मान दुखते, डोक्यात उवा होतात, एका कुशीवर झोपता येत नाही, अशा अवस्थेत बाई वर्षानुवर्षे राहते. कार्यकर्ते तिच्या घरी जातात, सासूशी बोलतात, नवऱ्याशी बोलतात, पुन्हा जातात. देवी आहे की नाही हा विषय तिथे निघत नाही. केस का गुंततात आणि ते कापल्याने काही होत नाही, एवढेच सांगितले जाते. कात्री चालते ती त्या बाईच्या संमतीने. 2000 साली समितीने शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन उभे केले. देव न मानणारे लोक देव मानणाऱ्या बायकांच्या हक्कासाठी लढत होते. पुढे विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो हक्क मान्य केला.

समितीने लावून धरलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मजकूर या दृष्टीने नीट वाचण्यासारखा आहे. सुमारे 18 वर्षांच्या झगड्यानंतर तो डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. वारी बंद होईल, सत्यनारायण घालणे गुन्हा ठरेल, अशी भीती या काळात सतत पसरवली गेली. प्रत्यक्ष कायद्यात देवाविषयी एक अक्षर नाही, आणि श्रद्धा कोणती अन् अंधश्रद्धा कोणती याची व्याख्याही नाही. त्याच्या अनुसूचीत कृती सांगितल्या आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे, बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणे, नरबळी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना कायदा लागू नाही, असेही त्यात स्वच्छ लिहिले आहे. यातल्या प्रत्येक कलमामागे राग आहे. साखळीने बांधलेल्या माणसाला पाहून येणारा राग इथे इतका घोटला गेला आहे की त्यातून गुन्ह्याची नोंद करता येते, साक्ष घेता येते, शिक्षा देता येते. हा कायदा वाचून कोणत्याही वारकऱ्याला आपल्यावर हल्ला झाला असे वाटण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप भक्कम आहे. समजुतीच्या सुराने दबलेल्यांना काही मिळाले आहे का? 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. 1953 साली पेरियार यांनी मद्रास राज्यात गणपतीच्या मूर्ती उघडपणे फोडल्या. यात सौम्यपणा कुठे होता? महाडची कृती माझ्या म्हणण्याला बाधक नाही, उलट ते तिने अधिक नेमके होते. जाळला गेला तो माणसामाणसांत उच्चनीच ठरवणारा, पाण्याचा हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेला आधार देणारा ग्रंथ. आणि तो जाळणाऱ्यांची मागणी चवदार तळ्याच्या पाण्याइतकी स्पष्ट होती. पेरियार यांचे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यांचा राग खरोखरच देवावरही होता. पण तमिळनाडूत पुढे काय झाले ते पाहा. 1967 साली द्रविड मुन्नेत्र कळघम सत्तेवर आला तो एकच कुळ आणि एकच देव म्हणणाऱ्या अण्णादुराईंच्या नेतृत्वाखाली. पुरोहिताविना झालेल्या स्वाभिमान विवाहांना त्याच सरकारने कायद्याची मान्यता दिली. करुणानिधी उघडपणे नास्तिक असूनही पाच वेळा मुख्यमंत्री झाले. आणि मदुराई, श्रीरंगमच्या मंदिरांतली गर्दी ओसरली नाही. तमिळ जनतेने मूर्तिभंजन घेतले नाही, पण ज्या माणसाने जन्मावरून हिणवलेल्यांना ताठ मानेने उभे केले त्याला आपले मानले. ब्राह्मणेतरांच्या आत्मसन्मानासाठी आलेला राग लोकांनी उचलला आणि मूर्तीवरचा राग बाजूला ठेवला. निवड लोकांनीच केली आणि ती कशावर केली हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वेदनेचा आहे. सौम्य बोलून तरी काय मिळाले? 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते कोणाची टवाळी करणारे नव्हते. त्यानंतर 2015 मध्ये कोल्हापूरला गोविंद पानसरे, धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि 2017 मध्ये बेंगळुरूला गौरी लंकेश यांच्याही हत्या झाल्या. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल लागायला मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. संयमाने जीव वाचतो असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे, आणि मी तसे म्हणत नाही. मारेकऱ्याला सूर ऐकू येत नाही, त्याला परिणाम दिसतो. नेमके आणि लोकांना पटणारे बोलणारा माणूसच त्याला जास्त धोक्याचा वाटतो. संयमाचे मोल कळते ते नंतर, कोण बरोबर उभे राहिले यावरून. दाभोलकर गेल्यानंतर रस्त्यावर उतरलेल्यांत देव मानणारेही होते, काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि चार महिन्यांत कायदा झाला. त्यांनी वर्षानुवर्षे श्रद्धावानांशी तोडले नाही, म्हणून त्यांच्यासाठी हळहळणारा समाज मोठा होता. एका माणसाच्या प्राणाची ती भरपाई नव्हे. पण काम थांबले नाही, याचे कारण त्यात आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. राग आवरा असे नेहमी नास्तिकालाच का सांगायचे? भावना दुखावल्या म्हणून मोर्चा काढणाऱ्याला, नाटक बंद पाडणाऱ्याला हा उपदेश कोणी करत नाही. 1927 साली दंड संहितेत आलेले कलम 295-अ धार्मिक भावनांना संरक्षण देते आणि ते संरक्षण नव्या न्याय संहितेतही कायम आहे; भावना नास्तिकालाही असतात, हे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. शिवाय घरात एकट्या पडलेल्या, पूजेला बसायला नकार दिला म्हणून आईने बोलणे सोडलेल्या मुलाला स्वतःला सावरण्यासाठी राग लागतोच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. समाजाचा तराजू वाकडा आहे आणि नास्तिकाला आपला राग आपल्या माणसांत मोकळा करण्याचा हक्क आहे. अनेक संघटना त्याच उबेवर जन्माला येतात. पण आपल्यांत बळ देणारी भाषा आणि परक्याचा विश्वास मिळवणारी भाषा एकच असावी असे नाही. आषाढीला दोनशे-अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बाईला मूर्ख म्हटल्याने एकही बुवा उघडा पडत नाही. फक्त त्या बाईला तिची शंका खरी वाटते की या माणसाला आपल्याविषयी काही वाटत नाही. जिला बुवाने लुटले आहे तीही मग बुवाकडेच परत जाते, कारण निदान तो तिचे ऐकून घेतो. इथे राग अडथळा होतो, आणि ज्याच्या नुकसानीबद्दल तो येतो त्याचेच नुकसान वाढवतो.

श्रद्धावान लोक नास्तिकासाठी जागा करतात, याचे पुरावे आपल्या सार्वजनिक जीवनात आहेत. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी सूचना मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. विरोधात मत देणाऱ्यांत नास्तिक थोडेच असतील. हृदयनाथ कुंझरूंसारख्यांचा मुद्दा असा होता की अशा गोष्टीची सक्ती विचार-श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे. नाशिकमधल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्यासाठी त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने प्रार्थना बंद पाडली नाही, आपले हात फक्त आपल्यापाशी ठेवले. 2014 मध्ये याच न्यायालयाने सांगितले की आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा हक्क सद्‌सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो आणि सरकार कोणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. हे हक्क मागणाऱ्यांच्या मनात राग नव्हता असे कसे म्हणावे? पण तो अर्जात, याचिकेत, मतदानात उतरला, आणि तिथे श्रद्धावान न्यायाधीशाला, सभासदाला, शेजाऱ्याला त्याच्या बाजूने उभे राहता आले.

तेव्हा पुढचे लेख वाचताना वाचकाने प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारावेत. हा राग कोणासाठी आहे? आणि त्यातून काय मागितले आहे? दोन्हींची उत्तरे मिळाली तर त्या रागाला घाबरण्याचे कारण नाही, मग तो कितीही जहाल असो. उत्तरे मिळाली नाहीत, तर तो राग कितीही तर्कशुद्ध असला तरी नास्तिकतेच्या कामी येणार नाही. नास्तिक वाचकांना माझी विनंती आहे की राग सोडू नका. ज्या माणसावर अन्याय झाला त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथून बोला. श्रद्धावान वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरातला, शेजारचा, शाळेतला जो माणूस देव मानत नाही, त्याचा राग ऐकताना तो कोणावरच्या अन्यायाबद्दल बोलत आहे तेवढे आधी पाहा. तो अन्याय तुम्हालाही अन्याय वाटत असेल, तर देवाचा प्रश्न मागे ठेवून त्याच्याबरोबर काम करता येते. महाराष्ट्रात हे अनेकदा झाले आहे.